खंदकातले पाणी उपसले. भिंतीतले उतरले का?

गोव्याच्या खाणपट्ट्यात बंदीच्या वर्षांनी मागे ठेवलेली सर्वांत ठळक खूण म्हणजे पाण्याने भरलेले खंदक. २०१२ च्या सप्टेंबरात राज्यातील उत्खनन थांबले, मधल्या काळात मर्यादित प्रमाणात सुरू झाले आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ खाणपट्ट्यांचे दुसरे नूतनीकरण रद्द ठरविल्यानंतर त्याच वर्षीच्या १६ मार्चपासून पुन्हा बंद पडले. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात पंप थांबले की खंदकाचे तळे होण्यास फार काळ लागत नाही. लिलावांनंतर २०२४ मध्ये डिचोलीपासून उत्खननाला पुन्हा प्रारंभ झाला. भरलेला खंदक वापरात आणायचा तर पहिले काम ठरलेले असते: पाणी उपसणे.

हे काम पंप, नळ आणि वीज यांचेच आहे, असा सर्वसाधारण समज असतो. पाण्याची पातळी रोज किती खाली गेली हे काठावरून सहज दिसते आणि तीच प्रगती मानली जाते. वस्तुतः खंदकाच्या आयुष्यातील अत्यंत नाजूक काळांपैकी हा एक असतो. खंदकात साचलेले पाणी भिंतीला बाहेरून टेकू देत असते. त्याच वेळी वर्षानुवर्षे ते भिंतीच्या आतही मुरत जाते. उपसा वेगाने झाला की बाहेरचा टेकू काही आठवड्यांत नाहीसा होतो, आतले पाणी मात्र जागचे हलत नाही. मातीची धरणे बांधणाऱ्यांना हा धोका फार पूर्वीपासून ठाऊक आहे. जलाशय झपाट्याने रिकामा केला की धरणाचा पाण्याकडचा उतार घसरतो, म्हणून तेथे पातळी किती वेगाने उतरवावी याला मर्यादा घालून दिलेली असते. खाणीच्या खंदकाची भिंत काही निराळ्या नियमाने वागत नाही.

उताराला उभे ठेवते ते घर्षण. मातीचे आणि खडकाचे कण वरच्या वजनाने एकमेकांवर दाबले जातात आणि त्या दाबामुळेच ते एकमेकांवरून घसरत नाहीत. कणांमधल्या पोकळीत पाणी असेल तर ते आपल्या दाबाने कणांना परस्परांपासून दूर रेटते. वरचे वजन तेवढेच राहते, पण त्यातला काही भाग आता पाणी पेलत असते आणि पाण्याला घर्षण ठाऊक नसते. कार्ल टेर्झागी या अभियंत्याने १९२० च्या दशकात हे तत्त्व सूत्रबद्ध केले आणि त्यातून मृदायांत्रिकी हे शास्त्र उभे राहिले. आकडे मांडले तर चित्र स्पष्ट होते. तीस मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ दर चौरस मीटरवर सुमारे तीस टनांचा दाब देतो. तेवढ्याच उंचीच्या भिजलेल्या मातीचे वजन, घनमीटरला दोन टन धरले तर, साठ टन भरते. म्हणजे भिंत शिगोशिग भरलेली असेल तर तिच्या तळाशी घर्षणासाठी उपयोगी पडणारे वजन निम्मे झालेले असते. बाहेरून पाहणाऱ्याला ती भिंत जशीच्या तशी उभी दिसते.

गोव्यातील लोहखनिजाच्या खंदकांत या प्रश्नाला स्थानिक भूस्तररचनेची जोड मिळते. वर जांभा, त्याखाली चिकणमातीचे थर, आणि मग खनिजाचा मोठा भाग भुकटीसारखा, असा हा साधारण क्रम आहे. जांभा सच्छिद्र असतो. गावातल्या बहुतेक विहिरींना आणि झरींना पाणी मिळते ते त्यातून. भुकटी खनिजही पाणी भरपूर धरते. या दोहोंच्या मधली चिकणमाती मात्र पाणी सहजासहजी जाऊ देत नाही. त्यामुळे खंदकाच्या एकाच भिंतीत दोन निरनिराळे जलस्तर एकावर एक नांदत असतात आणि त्यांच्या पातळ्या एक असतीलच असे नाही. जांभ्यातले पाणी लवकर झिरपून जाते, चिकणमातीतले अडकून राहते. उपसा झाल्यावर कोरडी वाटणारी भिंत आतून कुठे भरलेली आहे, हे डोळ्यांनी ओळखण्याचा मार्ग नाही.

त्यासाठी पायझोमीटर लागतो. नाव अवजड असले तरी जुन्या पद्धतीचा पायझोमीटर म्हणजे केवळ एक विंधन, त्यात तळाशी छिद्रे पाडलेली नळी आणि नळीत सोडायची मोजपट्टी. कर्मचारी आठवड्यातून एकदा येतो, पातळी वहीत लिहितो आणि जातो. जांभ्यात ही पद्धत बरी चालते. चिकणमातीत ती फसवते, कारण नळी भरण्यापुरते पाणी मातीतून बाहेर यावे लागते आणि त्याला कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात. आतला दाब आज वाढला तर वहीत तो पुढच्या महिन्यात उमटतो.

आताचे स्वयंचलित उपकरण ही उणीव भरून काढते. हाताच्या पंज्याएवढ्या पोलादी नळकांडीत एक तार ताणून बसविलेली असते. तिचे एक टोक पातळ पडद्याला जोडलेले असते. पाण्याने पडदा दाबला की तार किंचित सैल पडते आणि तंबोऱ्याची तार उतरावी तसा तिचा स्वर उतरतो. विद्युत स्पंदाने तार छेडायची, तिची कंपनसंख्या मोजायची आणि त्यावरून दाब काढायचा, एवढेच त्यातले तंत्र. असे तीन-चार संवेदक एकाच विंधनात निरनिराळ्या खोलींवर बसवून विंधन सिमेंट मिश्रणाने बुजविले जाते. नळी भरण्याची वाट पाहावी लागत नाही, दाबातला बदल जवळजवळ लगेच कळतो. काठावरचा नोंदयंत्राचा डबा सौर पट्टीवर चालतो आणि तासातासाने आकडे बिनतारी संदेशाने कार्यालयात पाठवतो. मोठ्या खाणींच्या खर्चाच्या मानाने ही गोष्ट स्वस्त आहे. रडारची चर्चा पुष्कळ होते, पायझोमीटरची होत नाही. वास्तविक भिंत का हलणार हे पायझोमीटर सांगतो, ती हलू लागली आहे एवढेच रडार सांगते.

तरीही हालचाल मोजणे अपरिहार्य आहे, कारण प्रत्येक भिंत काही केवळ पाण्याने कोसळत नाही. पायऱ्यांवर काचेचे लोलक बसवून समोरच्या स्थिर जागेवरून स्वयंचलित सर्वेक्षण यंत्राने त्यांची अंतरे रात्रंदिवस मोजत राहणे, ही रूढ पद्धत. वर भेग दिसली तर तिच्या दोन्ही काठांना तार बांधून रुंदी मोजतात. खोलवरच्या सरकणाऱ्या थराचा शोध घेण्यासाठी विंधनात वाकणे मोजणारी नळी सोडतात. उतारावर नजर ठेवणारे रडार हे त्या मानाने अलीकडचे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधनातून ते या शतकाच्या आरंभी खाणींत आले. समोरच्या भिंतीवर दर काही मिनिटांनी लहरींचा झोत फिरवून ते परतणाऱ्या लहरींतील सूक्ष्म फरकावरून मिलिमीटरपेक्षाही कमी सरकणे ओळखते. धूळ, धुके, काळोख यांचा त्याला अडथळा होत नाही. भिंतीवर चढून काही बसवावे लागत नाही, हा मोठा लाभ. मात्र ते आपल्याकडे येणारी किंवा आपल्यापासून दूर जाणारी हालचालच पाहते, आणि पावसाळ्यात पायऱ्यांवर गवत माजले की त्याच्या आकड्यांत गोंधळ माजतो. गोव्यात गवत उगवायला जूनचा पहिला पंधरवडा पुरतो.

उपग्रहांचेही असेच. युरोपीय सेंटिनेल उपग्रहांच्या लहरी झाडोऱ्यात अडकतात, त्यामुळे पश्चिम घाटाच्या पायथ्याशी त्यांचा उपयोग मर्यादित ठरतो. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आलेल्या इस्रो आणि नासा यांच्या निसार उपग्रहात अधिक लांबीच्या लहरी वापरल्या आहेत. त्या पानापानांतून खाली पोहोचतात. बारा दिवसांनी एकदा येणारे चित्र इशारा देण्यास पुरेसे नाही, पण एखादा जुना डंप वर्षभरात कोणत्या बाजूला किती बसला, हे पाहण्यास ते पुष्कळ झाले.

कोसळण्याची वेळ आधी सांगता येते का, हा प्रश्न सर्वांना पडतो. काही वेळा येते. १९८५ मध्ये फुकुझोनो या जपानी संशोधकाने कृत्रिम पावसाखाली मातीचे उतार पाडून पाहिले आणि एक साधी गोष्ट दाखवून दिली. उताराचा वेग वाढत जातो हे सर्वांनाच दिसत होते. त्याने वेगाऐवजी वेगाचा व्यस्तांक आलेखावर मांडला. समजा, भिंत पहिल्या दिवशी २ मिलिमीटर सरकली, दुसऱ्या दिवशी अडीच, मग ३.३, मग ५ आणि पाचव्या दिवशी १०. या आकड्यांवरून पुढचे काही कळत नाही. त्यांचे व्यस्तांक मात्र ०.५, ०.४, ०.३, ०.२ आणि ०.१ असे येतात. म्हणजे सरळ उतरती रेघ. ती रेघ पुढे वाढविली की सहाव्या दिवशी शून्याला टेकते. शून्य व्यस्तांक म्हणजे अमर्याद वेग, म्हणजेच कोसळणे. प्रत्यक्षातली रेघ इतकी सरळ क्वचितच असते. पाऊस आला की ती तीव्र होते, थांबला की सपाट होते, आणि ठिसूळ खडक तर रेघ उमटण्याइतका अवधीही देत नाही. तरी आज खाणींच्या नियंत्रण कक्षांत जे अंदाज बांधले जातात, त्यांच्या मुळाशी बहुधा हीच कल्पना असते.

अशा देखरेखीचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील युटा राज्यात घडले. सॉल्ट लेक सिटीजवळची बिंगहॅम कॅन्यन ही तांब्याची खाण जगातील सर्वांत मोठ्या खंदकांपैकी एक आहे. तिच्या ईशान्य भिंतीत मॅनेफे नावाचा एक दुबळा थर खंदकाकडे कललेला होता. २०१३ च्या आरंभी त्या बाजूची हालचाल वाढत असल्याचे रडार आणि लोलकांवरून दिसू लागले. कंपनीने ते दडवून ठेवले नाही; भिंत पडणार, असे कामगारांना आणि आसपासच्या वस्तीला आधीच कळविले, काम आटोपते घेतले आणि १० एप्रिल रोजी सर्व माणसे बाहेर काढली. त्या रात्री साडेनऊच्या सुमारास पहिला कडा खाली आला, दीड तासाने दुसरा. प्रत्येक वेळी जेमतेम दीड मिनिट लागले. कोट्यवधी टन खडक खंदकाच्या तळापर्यंत धावला आणि भूकंपमापकांवर त्याची नोंद झाली. एकाही माणसाला खरचटलेसुद्धा नाही.

हे यश निर्विवाद आहे. पण त्यातला दुसरा भाग क्वचितच सांगितला जातो. यंत्रांनी वेळ जवळपास बरोबर सांगितली, आवाका मात्र चुकला. दरड अपेक्षेपेक्षा कितीतरी लांब गेली आणि सुरक्षित समजून ठेवलेली अवजड यंत्रे व ट्रक तिच्याखाली सापडले. माणसे वाचली ती संपूर्ण खंदक रिकामा करण्याच्या निर्णयामुळे. आखलेल्या धोक्याच्या रेषेवर भरवसा ठेवून पलीकडच्या बाजूला काम चालू ठेवले असते तर काय झाले असते, याचा तर्क करणे कठीण नाही.

झारखंडमधील गोड्डा जिल्ह्यात २९ डिसेंबर २०१६ च्या संध्याकाळी याच्या उलट घडले. ईस्टर्न कोलफील्ड्सच्या राजमहल खाणीत डंपाखालची जमीन सुमारे ३५ मीटर खचली आणि खाली काम करीत असलेले २३ कामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतरच्या वर्षी आलेल्या कोळसा खाण विनियमांत उतारांची रचना शास्त्रीय अभ्यासावरून ठरविण्यावर भर देण्यात आला. लोहखनिजाच्या खाणींना मात्र १९६१ चे धातू खाण विनियम लागू आहेत. मऊ मातीत पायरीची उंची दीड मीटरपेक्षा अधिक नसावी किंवा उतार ४५ अंशांपेक्षा तीव्र नसावा, ही त्यातली तरतूद फावड्या-घमेल्यांच्या काळाला साजेशी होती. यंत्रांनी खोदले जाणारे खंदक धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या परवानगीने निराळ्या मापांवर चालतात. ती मापे ठरविताना भिंतीतली पाण्याची पातळी अमुक धरली, असे कुठेतरी लिहिलेले असते. पायझोमीटरचे खरे काम त्या गृहीतकाची रोज परीक्षा घेणे हे आहे.

आणि येथेच स्वयंचलनाची मर्यादाही येते. चांगल्या खाणीत कोणत्या आकड्याला काय करायचे हे आधी लिहून ठेवलेले असते. अमुक वेग झाला की नोंदी दुप्पट, त्याहून वाढला की पायथ्याचे काम बंद, त्याहून वाढला की खंदक रिकामा. थांबविण्याचा अधिकार त्या पाळीतल्या अभियंत्याला असतो, त्याला वरिष्ठांच्या दूरध्वनीची वाट पाहावी लागत नाही. जेथे असा लेखी करार नाही तेथे यंत्र कितीही महाग असो, पहाटे तीन वाजता आलेला इशारा सकाळच्या बैठकीसाठी ठेवला जातो. शिवाय खोटे इशारे असतातच. टिप्पर झोताच्या आड आला, हवेतला ओलावा बदलला, वीज पडून संवेदक बिघडला, एवढ्याने घंटा वाजते. चार वेळा विनाकारण धावलेला माणूस पाचव्या वेळी सावकाश उठतो. याहून वाईट म्हणजे मूक झालेला संवेदक. तार तुटली की आलेख सपाट राहतो आणि सपाट आलेख पाहून सारे आलबेल असल्याचा भास होतो. आकडा न येणे हाही इशारा मानावा, असा नियम म्हणूनच करावा लागतो.

भिंतीपुरता विचार केला तर अभियंत्याला भूजल खाली गेलेले हवे असते. त्यासाठी तो खंदकाभोवती विहिरी पाडून उपसा करतो, भिंतीत आडवी छिद्रे घेऊन पाणी काढून टाकतो. पलीकडच्या गावाला तेच पाणी विहिरीत आणि कुळागरात हवे असते. हा विरोध गोव्याला नवा नाही; शिरगावातील पाण्याचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. अशा वादात गावकरी विहीर आटल्याचे सांगतात, खाणचालक पाऊस कमी झाल्याचे सांगतो आणि दोघांकडेही आकडे नसतात.

वास्तविक भिंतीच्या सुरक्षेसाठी बसविलेले उपकरणच येथे साक्ष देऊ शकते. एकाच विंधनात चिकणमातीच्या वर एक आणि खाली एक संवेदक असेल, आणि खालच्याचा दाब उपशाबरोबर उतरत असताना वरचा आपल्या ऋतुमानाप्रमाणे चालत असेल, तर मधला थर अभंग आहे आणि जांभ्यातल्या विहिरींना त्या उपशाची झळ नाही, असे म्हणण्यास आधार मिळतो. दोन्ही एकदम उतरू लागले तर थर कुठेतरी फुटलेला किंवा खोदला गेलेला आहे, आणि विहीर आटणे हा योगायोग नाही. मात्र ही तुलना करण्यासाठी पंप सुरू होण्यापूर्वीच्या नोंदी हव्यात; एक पावसाळा आणि एक उन्हाळा मिळून निदान वर्षभराच्या. पंप एकदा सुरू झाला की ते वर्ष परत मिळत नाही. भरलेल्या खंदकांच्या बाबतीत ही संधी अजून पुष्कळ ठिकाणी शिल्लक आहे.

२००२ च्या भूजल नियमन कायद्याने राज्याकडे भूजलावर देखरेख ठेवण्याचा अधिकार आहे. खाणींच्या पायझोमीटरांचे आकडे खाणीच्या कार्यालयाबरोबरच भूजल अधिकाऱ्याकडे आणि पंचायतीच्या फलकावर त्याच तासाला उमटविणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. बिनतारी संदेश एका पत्त्यावर जातो तसा तिघांकडेही जाऊ शकतो. रडारचे चित्र समजण्यास प्रशिक्षण लागते. पाण्याची पातळी मीटरमध्ये सांगितली तर ती विहिरीवरच्या कोणत्याही बाईला कळते.

राहतात ते पावसाळ्याचे चार महिने. गोव्यात या काळात उत्खनन बंद असते, कामगार घरी जातात, खंदकात पाणी वाढत राहते आणि भिंतींतला दाब वर्षातल्या सर्वोच्च बिंदूला पोहोचतो. वहीत नोंद करणारा माणूस नेमका त्याच वेळी जागेवर नसतो. सौर पट्टीवर ढग असतात, म्हणून नोंदयंत्राची बॅटरी किमान काही आठवडे सूर्याविना टिकेल अशी निवडावी लागते, आणि विजांपासून बचावासाठी तारांना संरक्षक जोडावे लागतात. लिलाव न झालेल्या खंदकांत आणि त्यांच्या काठच्या जुन्या डंपांवर बॅटरी बदलायलाही कोणी नाही. त्यांच्या खाली भातशेती आहे, ओहोळ आहेत, काही ठिकाणी घरे आहेत. तेथे पहिला पायझोमीटर कोणी बसवायचा, खाण खात्याने, जलस्रोत खात्याने की जुन्या पट्टेधारकाने, हे पुढच्या जूनपूर्वी ठरावे लागेल.